झाडवाल्यांची उमेदवार

मतदान तोंडावर आलं होतं आणि त्या सकाळी पेपरात मतदारांच्या कलाची पाहणी छापून आली. डॉक्टरबाईंनी ती आधी उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली, मग नवऱ्यापुढे सरकवली.

"छापायची चूक असेल," नवरा म्हणाला.

पाहणीत झाडवाल्यांचा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर होता.

पक्षाचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण झाडं वाचवा, नदी वाचवा म्हणत फिरायचे म्हणून गावात सगळे त्यांना झाडवालेच म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, पुढे सवयीने म्हणायला लागले. दर निवडणुकीत झाडवाले उभे राहायचे, सपाटून पडायचे आणि पडल्यावर सगळे मिळून कुणाच्या तरी घरी जेवायचे. पडण्याची इतकी सवय झाली होती की निकालाच्या दिवशी त्यांच्याइतकं निवांत कुणी नसायचं. या खेपेला मात्र जुने प्रतिनिधी अचानक वारले, पोटनिवडणूक लागली आणि दोन्ही मोठ्या पक्षांत तिकिटावरून घरच्या घरी मारामाऱ्या सुरू झाल्या. लोक दोघांनाही विटले. विटलेले लोक जाणार कुठे? ते झाडवाल्यांकडे बघायला लागले.

आणि झाडवाल्यांची उमेदवार होती ही, जनावरांची डॉक्टर. बाजाररस्त्यावर पंक्चरच्या दुकानाला लागून तिचा दवाखाना. कुत्र्या-मांजरांमुळे निम्मं गाव तिला ओळखायचं आणि गाई-शेळ्यांमुळे उरलेलं. तिला उभं केलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे पक्षाचे अध्यक्ष आणि शाळेत तिला विज्ञान शिकवलेले गुरुजी. "तू नुसती उभी राहा," ते म्हणाले होते. "निवडून यायची जबाबदारी तुझ्यावर नाही." त्या भरवशावर तिने हो म्हटलं होतं.

आता पेपर हातात घेऊन तिला कळेना की आपल्याला कशाची धास्ती वाटतेय, निवडून येण्याची की हातातोंडाशी आलेलं निसटण्याची.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर होता. प्रचार सुरू झाल्यापासून तो रोज घरी येऊन बसमधला कल सांगायचा. "पुढच्या सीटवरचे आपले," तो बूट काढता काढता म्हणायचा, "मागच्या सीटवरचे त्यांचे. मधले झोपलेले. सगळी निवडणूक त्या झोपलेल्यांवर आहे बघ." ती हसायची, आणि हसता हसता तिला घाम फुटायचा.

घरातलं एक माणूस मात्र तोंड फिरवून बसलं होतं. तिचा धाकटा भाऊ. तो नदीवरच्या कागद कारखान्यात मशीनवर होता, आणि झाडवाल्यांचा सगळा प्रचारच मुळी त्या कारखान्याविरुद्ध होता. कारखाना वर्षानुवर्षं मळकं, फेसाळ पाणी नदीत सोडत होता, ते खोटं नव्हतं. पण बहिणीने फॉर्म भरला आणि भाऊ यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणायचा, "ताई, सुपरवायझर विचारतो, तुझी बहीण आपल्या पोटावर का उठलीय? मी काय सांगू?" तिच्याकडे उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्याइतकं छोटं नव्हतं.

पाहणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत मासे मेले.

पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी आधी पाहिले. उजाडेपर्यंत काठावर ही गर्दी. घाटाच्या पायऱ्यांपासून बंधाऱ्यापर्यंत पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. बायका नाकाला कापड लावून उभ्या होत्या. कुणी फोनवर फोटो काढत होतं, कुणी कारखान्याच्या दिशेने हात करून शिव्या घालत होतं. डॉक्टर पोचली तेव्हा मास्तर आधीच तिथे होते. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण डोळ्यांत काहीतरी चमकत होतं, आणि ते बघून तिला कसंसंच झालं.

"पाहिलंस?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, कुणी ऐकलं नाही. आता नदीच बोलली."

"थांबा मास्तर, मला बघू दे."

चपला काढून ती पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं. या नदीचं पाणी सकाळी पायाला झोंबायचं. आज ते बादलीत ठेवून विसरलेल्या पाण्यासारखं होतं, आणि हलत नव्हतं. तिने एक मासा उचलला, कल्ले उघडून पाहिले. मग दुसरा, मग आणखी काही. सगळ्यांची तोंडं वासलेली होती. मेलेले होते ते मोठे मासे. लहान मासे काठाशी, पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंडं वर काढून धडपडत होते, पण जिवंत होते.

तिच्या मनात शंका आली आणि ती शंका तिला मुळीच नको होती.

विष पाण्यात मिसळलं तर सहसा लहान मासे आधी जातात. मोठे आधी गेले, तेही पहाटे, तोंडं वासून, म्हणजे मासे गुदमरले. तिने बंधाऱ्याकडे पाहिलं. बंधाऱ्याचं लोखंडी दार पूर्ण खाली होतं. पलीकडे पुलाच्या खांबाची दुरुस्ती चालली होती आणि कामाच्या जागी पाणी येऊ नये म्हणून नगरपालिकेने ते दार बंद करून ठेवलं होतं. वर पाणी साचलं, उन्हाने तापलं, त्यात पाणवनस्पती कुजल्या आणि माशांना पुरेल एवढी हवा पाण्यात उरली नाही.

तिने बाटलीत पाणी भरून घेतलं आणि कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण आपलं यंत्र घेऊन काठावरच आली, पाण्यात तार सोडून त्यातल्या हवेचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "यात माझा मासाही जगला नसता, आणि माझा मासा प्लास्टिकचा आहे." मग बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. कारखान्याची घाण त्यात नेहमीइतकीच होती. जास्त नव्हती.

ती दवाखान्यात परतली तेव्हा तिथे माणसांचा पूर आला होता. खुर्च्यांवर कार्यकर्ते, टेबलावर पत्रकांचे गठ्ठे, कोपऱ्यात टोपलीत एक मांजर आणि तिची कंटाळलेली मालकीण. मास्तरांनी पत्रक लिहून, छापून, वाटायला सुरुवातसुद्धा केली होती. वर मोठ्या अक्षरांत होतं: कारखान्याने आपली नदी मारली.

तिने मास्तरांना आतल्या खोलीत नेलं, औषधांच्या कपाटापाशी.

"मास्तर, हे कारखान्याचं काम नाही. बंधाऱ्याचं दार बंद आहे म्हणून मासे गुदमरले. आम्ही तपासलंय."

मास्तरांनी कपाटाचं दार उगाच उघडलं, लावलं. मग म्हणाले, "बरं. कारखाना नदीत घाण सोडतो की नाही?"

"सोडतो."

"त्याने नदी खराब होते की नाही?"

"होते."

"मग आज नाही तर काल मारली असेल. तुला कुणी खोटं बोल म्हणत नाहीये. तू फक्त गप्प बस. मतदान होईपर्यंत. एवढंच."

"आणि पत्रकं?"

"पत्रकं माझ्या नावावर आहेत, तुझ्या नाहीत." ते कपाटाला टेकले. "पोरी, आयुष्यभर मी या गावात वेड्यासारखा ओरडत फिरलोय. लोक हसले. माझी स्वतःची बायको हसली. आता पहिल्यांदा हातात काही येतंय. आणि तू म्हणतेस, थांबा, माशांनी दुसऱ्याच कारणाने जीव दिला!"

तिला त्यांची दया आली. ती बाहेर आली आणि मांजराला तपासायला घेतलं. मांजराला ताप होता. मालकीण म्हणाली, "बाई, कारखान्याला सोडू नका हं. या वेळी मत तुम्हालाच." तिने मान हलवली आणि मान हलवल्याचं तिला दिवसभर डाचत राहिलं.

दुपारी तिने नगरपालिकेच्या इंजिनिअरला गाठलं. तो नकाशांच्या ढिगाऱ्यामागे बसून डबा खात होता. तिने सगळं समजावून सांगितलं. दार थोडं जरी उचललं तरी वरून ताजं पाणी येईल, उरलेले मासे वाचतील. त्याने घास गिळला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. मास्तरांचं पत्रक.

"बाई, तुमचाच पक्ष म्हणतोय कारखान्याने मारले. मग मी दार कशाला उघडू? खांबाचं काम अर्ध्यावर आहे. दार उघडलं तर काम वाहून जाईल आणि वरचे मला विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून उघडलंस? मी काय सांगू, एका उमेदवाराच्या?"

"मी उमेदवार म्हणून नाही सांगत. डॉक्टर म्हणून सांगतेय."

"मग डॉक्टर म्हणून सगळ्यांसमोर सांगा," तो डब्याचं झाकण लावत म्हणाला. "मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

ती जिना उतरून खाली आली. तो काही वाईट बोलला नव्हता. सरळ बोलला होता, आणि म्हणूनच सुटायला जागा ठेवली नव्हती.

त्याच संध्याकाळी शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांची जाहीर सभा होती. लोकांनी प्रश्न विचारायचे, उमेदवारांनी उत्तरं द्यायची. घरातून निघताना नवऱ्याने विचारलं, "बोलणार आहेस?"

"माहीत नाही. तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करू? बोललीस तर पडशील. नाही बोललीस तर घरात चिडचिड करशील आणि ती मला सहन करावी लागेल." थोडं थांबून तो म्हणाला, "पडलीस तरी जेवायला मीच वाढणार आहे. एवढं लक्षात ठेव."

सभागृह खच्चून भरलं होतं. लोक खिडक्यांत बसले होते. व्यासपीठावर सत्ताधारी पक्षाचे उमेदवार, विरोधी पक्षाचे वकीलसाहेब आणि कडेला ती. पहिल्या रांगेत मास्तर. मागे दारापाशी, कारखान्यातल्या चार-सहा जणांबरोबर, तिला धाकटा भाऊ दिसला. तो हाताची घडी घालून उभा होता.

तिला आशा होती की प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारतील. पण बेकरीवाली उठली आणि थेट तिच्याकडे बोट करून म्हणाली, "डॉक्टरबाई, त्या कारखान्याने मासे मारले. तुम्ही निवडून आलात तर त्याचं काय करणार?"

टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज ऐकून तिच्या लक्षात आलं की हे सगळं सभागृह आपलं आहे. याआधी कधीच कुठलं सभागृह त्यांचं नव्हतं. नुसतं म्हणायचं, कारखान्याला जाब विचारीन. ते खोटंही ठरलं नसतं. तिने माइक जवळ ओढला.

"कारखाना नदीत घाण सोडतो," ती म्हणाली. "त्याच्याशी मी भांडतेय आणि भांडत राहीन. पण हे मासे कारखान्यामुळे मेले नाहीत."

टाळ्यांसाठी वर आलेले काही हात तसेच खाली गेले.

"बंधाऱ्याचं दार बंद आहे. पाणी साचलंय, तापलंय, आणि मासे त्यात गुदमरले. अजून पुष्कळ जिवंत आहेत. दार उघडलं तर ते वाचतील, नाही उघडलं तर उद्या तेही तरंगताना दिसतील. आमच्या पक्षाच्या पत्रकात चुकीचं छापलंय. पक्षाची उमेदवार म्हणून मी ते मागे घेते."

कुणीतरी मागून ओरडलं, "कारखान्याने किती दिले?" त्यावर हशा पिकला. वकीलसाहेब हळूच हसले. बेकरीवाली उभीच होती, जणू कुणी तिच्या हातात चुकीची पिशवी दिली होती. मास्तर उठले, कुणाकडे न बघता मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. दारापाशी तिच्या भावाने त्यांना वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याचं दार हातभर उचललं गेलं. वरून हुकूम आला म्हणे. एवढ्या लोकांसमोर बोललं गेल्यावर गप्प बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. दार उचलल्यावर पाणी पुन्हा हलायला लागलं. उरलेल्या माशांतले बरेच वाचले. पण ते बघायला काठावर गर्दी जमली नाही.

गर्दी जमली ती दुसऱ्याच गोष्टीभोवती. गावभर नवीन पत्रकं लागली होती. त्यावर तिचा फोटो आणि तिचंच वाक्य: "हे मासे कारखान्यामुळे मेले नाहीत." पुढे-मागे काही नाही. खाली कारखान्याच्या कामगार मंडळाचं नाव. बसथांब्यावर, दुकानांच्या काचांवर, तिच्या दवाखान्याच्या दारावरसुद्धा.

तिने दारावरचं पत्रक नखाने खरवडून काढलं. अर्धं निघालं, अर्धं चिकटून राहिलं. कार्यकर्त्यांपैकी निम्मे त्या दिवशी आलेच नाहीत. जे आले ते तिच्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते. मास्तर फोन उचलत नव्हते. उरलेल्या दोघा-तिघांना घेऊन ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं, की वाक्याचं पुढचं-मागचं कापलंय, ते असं होतं. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी "बरं बरं" म्हणून दार लावलं. एका म्हाताऱ्या बाईने तिला आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, "तू बोललीस ते मला पटलं. पण मत मी मुलाला विचारून देते."

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटा भाऊ घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"ये ना," ती म्हणाली.

"ताई, ती पत्रकं मी पण वाटली." तो खाली बघत होता. "सुपरवायझरने हातात गठ्ठा दिला. सगळे मला म्हणत होते, तुझ्या बहिणीने आपल्याला वाचवलं, पाठ थोपटत होते. मला माहीत होतं तू आणखी काय बोलली होतीस. मी तिथेच होतो. तरी वाटली. नाही कसं म्हणणार होतो?"

तिला राग आला. इतका आला की हातातलं भांडं तिने जरा जोरातच ठेवलं. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. गाल आत गेले होते, हाताला मशीनचं काळं लागलेलं होतं, नखांच्या कडांपर्यंत.

"वाटलीस ना? झालं. आत ये, जेवून जा."

तो जेवला. जाताना चपला घालत तो म्हणाला, "मत मात्र तुलाच देणार आहे. कुणाला सांगू नको." नवरा आतून ओरडला, "मागच्या सीटवरचं एक आपलं झालं!" आणि बऱ्याच दिवसांनी तिघंही हसले.

मतमोजणीच्या दिवशी ती सकाळपासून मोजणीच्या हॉलमध्ये बसून होती. मास्तरही आले होते, पण दुसऱ्या टोकाला बसले. पहिल्या फेरीत झाडवाले दुसरे होते. पुढच्या फेरीत तिसरे. मग पुन्हा दुसऱ्याच्या अगदी जवळ. तिने मनात किती वेळा ठरवलं की आता फळ्याकडे बघायचं नाही, आणि तितक्याच वेळा बघितलं. नवरा तिला पुन्हा पुन्हा पाणी आणून देत होता, कारण दुसरं काही करण्यासारखं त्याला सुचत नव्हतं.

शेवटी सत्ताधारी पक्षाचा उमेदवार निवडून आला. वकीलसाहेब थोडक्यात पडले. झाडवाले तिसरे आले. मतं आधी कधी मिळाली नव्हती इतकी मिळाली होती, डिपॉझिट पहिल्यांदाच वाचलं होतं. पण पाहणीतल्या त्या आकड्यापर्यंत ती पोचली नव्हती. बोलल्यामुळे गेली ती मतं किती, आणि बोलल्यामुळे आली ती किती, हे तिला कुणीच सांगू शकणार नव्हतं. बाहेर एक माणूस तिचा हात धरून म्हणाला, "सभेत बोललात म्हणून मत दिलं." त्याच्या मागचा म्हणाला, "सभेत बोललात म्हणून नाही दिलं." दोघांनाही ती "बरं" म्हणाली.

त्या खेपेला निकालाच्या दिवशी झाडवाले एकत्र जेवले नाहीत.

पुढे काही दिवसांनी, सकाळच्या वेळी, ती दवाखान्याच्या आतल्या खोलीतून "पुढचे" म्हणून ओरडली आणि आत मास्तर आले. बाहेर कुत्री-मांजरांच्या रांगेत ते आपला नंबर लावून बसले होते. हातात कुठलंच जनावर नव्हतं.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"झोप लागत नाही." ते तपासणीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. किती वाळले होते. "मी तुला सांगायला आलोय की तू चुकलीस. अजूनही मला तसंच वाटतं. ही संधी पुन्हा येणार नाही. माझ्या हयातीत तरी नाही."

"माहीत आहे, मास्तर."

"पुन्हा अशी वेळ आली तर मी पुन्हा तुला गप्प बस म्हणेन."

"आणि मी पुन्हा बोलेन."

"मग पक्षाला दुसरा उमेदवार शोधावा लागेल."

"शोधा की."

मास्तरांनी नाव सांगायला तोंड उघडलं, मनातल्या मनात सगळ्या कार्यकर्त्यांवरून एक नजर फिरवली आणि ते तोंड तसंच मिटलं. तिला आधी हसू आलं. मग त्यांनाही आलं, पण ते हसता हसता डोळे पुसायला लागले, म्हणून तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नाडी बघतेय असं दाखवत त्यांचा हात हातात धरून ठेवला. बाहेर एक कुत्रं भुंकायला लागलं. त्याच्या मालकाने दारातून डोकावून विचारलं, "बाई, अजून किती वेळ?"

"बसा," ती म्हणाली. "यांचं झालं की तुम्हीच."